तागडीसाहेबांचे गुडघे

तागडीसाहेबांचे गुडघे ठणठणीत होते, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे या गुडघ्यांविषयी इतक्या लोकांनी इतकं काही बोलून ठेवलं, की खुद्द साहेबांनाही अधूनमधून ते चाचपून बघावेसे वाटायचे.

तागडीसाहेब हे नाव त्यांना नोकरीमुळे पडलं होतं. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, वजनं उलटी करून त्यांवरचा शिक्का बघायचा, तागडीचा काटा मध्यावर थांबतो की नाही ते डोळे बारीक करून तपासायचं, यात त्यांची उभी हयात गेली होती. खोटं वजन त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसायचं. इमारतीच्या खाली जो वाणी होता, तो साहेबांच्या घरचं सामान दोनदा तोलायचा आणि वर चिमूटभर घालायचा. साहेब ती चिमूट परत काढायला लावायचे, कारण जास्त दिलं तरी माप चुकलंच.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणायची. वहिनी दातांच्या एका डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलामागे बसायच्या. रोग्यांना नंबर द्यायचे, धीर द्यायचा आणि फावल्या वेळात बाजूच्या काचेच्या टाकीतल्या माशांना खायला घालायचं, हे त्यांचं काम. दातांच्या दवाखान्यात येणारा माणूस बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो, त्यामुळे वहिनींचा खरा सहवास त्या माशांशीच. त्यांत एक केशरी, अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा होता. तो दिवसभर तोंड उघडं ठेवून काचेला चिकटलेला असायचा, म्हणून वहिनींनी त्याचं नाव पेशंट ठेवलं होतं. पेशंट या टोकापासून त्या टोकाला जायचा, काच लागली की वळायचा. हे बघता बघता वहिनींच्या मनात एक इच्छा रुजली. हा मासा एकदा त्याच्या घरी जाऊन बघायचा.

त्यांनी ती इच्छा कुणाला सांगितली नाही. गुपचूप पैसे साठवले आणि एके संध्याकाळी चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं, की दूरच्या समुद्रात एक बेट आहे, बेटाभोवती प्रवाळाचं कुंपण आहे, कुंपणाच्या आत हिरवंनिळं शांत पाणी आहे, त्या पाण्यावर खांब रोवून खोल्या बांधल्या आहेत, आणि त्यांतली एक आपली झाली आहे.

"खोलीच्या दारातून शिडी थेट पाण्यात जाते," वहिनी म्हणाल्या. "उतरलं की मासेच मासे. मला पोहता येत नाही. पण तुम्ही आहात ना?"

आता या ठिकाणी साहेबांनी फक्त खरं बोलायचं होतं. बादलीपेक्षा खोल पाण्याशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता. समुद्रकिनारी गेले तरी चपला सांभाळायचं काम ते स्वतःहून अंगावर घ्यायचे. पण वहिनींचे डोळे असे काही चमकत होते, की साहेबांच्या तोंडून भलतेच दोन शब्द निघून गेले.

"आहे की."

पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांतून घडलं.

साहेबांनी आधी सरळ मार्गाने जाऊन बघितलं. कचेरीतून बेटावर फोन लावला आणि पाण्याची खोली विचारली.

"कमरेपर्यंत आहे, सर," पलीकडून मधाळ आवाज आला.

"कोणाच्या?"

"म्हणजे?"

"कोणाच्या कमरेपर्यंत? कंबर हे माप नाही."

मग आवाज म्हणाला, "ते भरती-ओहोटीवरही असतं, सर. कधी कमी, कधी जास्त."

साहेबांनी फोन ठेवला. आपलं माप दिवसातून स्वतःच बदलणाऱ्या पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास बसेना. पोहायला शिकणं भाग होतं, आणि तेही कुणाला न कळता.

शहराच्या तलावावर प्रवेश देणारा कारकून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसला होता. त्याने मान वर न करता सांगितलं, की प्रौढांची बॅच भरली आहे, मुलांच्या बॅचमध्ये मोठ्यांना घेत नाहीत, आणि महिलांच्या बॅचचा प्रश्नच येत नाही.

"मग रिकामी जागा कुठेच नाही?"

"सकाळी संधिवाताची बॅच आहे. गुडघे दुखणाऱ्यांची. तिथे आहे."

"माझे गुडघे दुखत नाहीत."

"मग जागा नाही," कारकून म्हणाला आणि आडवा शब्द भरू लागला. साहेब हलत नाहीत असं बघून त्याला थोडी दया आली. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा गुडघ्यांची. बाकी मी बघतो."

ज्या माणसाने आयुष्यभर खोटी वजनं पकडली, त्याच्यावर खोटा गुडघा सादर करायची वेळ आली होती. साहेब दवाखान्याच्या दारात बराच वेळ घुटमळले. पण त्यांचे नेहमीचे डॉक्टर फार मोकळ्या मनाचे होते.

"दुखतात का?" त्यांनी विचारलं.

"तसे दुखत नाहीत. पण..."

"या वयात दुखणारच. आज नाही तर उद्या," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहून मोकळे झाले. म्हणजे चिठ्ठी खोटी नव्हती, फक्त थोडी लवकर लिहिली होती. असं साहेबांनी स्वतःला घरी पोहोचेपर्यंत बऱ्याच वेळा समजावलं.

संधिवाताच्या बॅचमध्ये सगळ्या आज्या होत्या. साहेब टोपी घालून, पोट आत ओढून पाण्याच्या काठावर आले, तेव्हा आज्यांनी गप्पा थांबवून त्यांचं नीट निरीक्षण केलं. आजवर बाजारात साहेब लोकांची तपासणी करत आले होते. तपासून घेताना कसं वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

"नवीन का? या, या. कुठला गुडघा?" पहिल्या रांगेतल्या आजींनी खणखणीत आवाजात विचारलं. या आजी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या आणि इकडची बातमी तिकडे जोडून देण्याची सवय त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती.

"डावा," साहेब म्हणाले. मग घाईघाईने, "आणि उजवाही."

शिकवणाऱ्या बाई शिट्टी वाजवायच्या. "गुडघा वर! खाली! पुढे चला! पाण्याला छातीने ढकला! आता तोंड पाण्यात, बुडबुडे काढा!" एवढाच अभ्यासक्रम. तलावाच्या उथळ आणि खोल भागांमध्ये एक दोर बांधला होता. त्या दोरापलीकडे साहेबांना सोडायला बाईंनी साफ नकार दिला. "पोहायचं कसलं? गुडघे सांभाळा आधी," त्या म्हणायच्या. आज्या दुजोरा द्यायच्या. त्यामुळे महिना उलटला, दुसराही संपत आला, साहेब पाण्यात पुढे चालायला शिकले, मागे चालायला शिकले, खेकड्यासारखं आडवं चालायला शिकले, बुडबुडे तर बॅचमध्ये सगळ्यांत मोठे काढू लागले. पण पोहण्याचं नाव नव्हतं.

घरी ते सकाळी फिरायला जातात अशी समजूत होती. ओले केस दिसायचा प्रश्न नव्हता. टकलाचा उपयोग झाल्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

पण एक्स्चेंजवाल्या आजींची कवळी सैल झाली. त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. आडनाव विचारता विचारता त्यांनी वहिनींचा धागा बॅचमधल्या साहेबांशी जोडला, आणि कवळी बसवून घेण्याआधीच जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. "तुमच्या मिस्टरांचं फार वाईट वाटतं हो. दोन्ही गुडघे गेलेत. पण चेहऱ्यावर कधी दाखवत नाहीत. भला माणूस!"

त्या संध्याकाळी साहेब कचेरीतून आले तर वहिनींनी त्यांच्या पायांखाली स्टूल सरकवलं. पाणी आणून दिलं. मग एकदम डोळ्यांना पदर लावला.

"मला का नाही सांगितलंत? मी परकी आहे का?"

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. पण गुडघे ठीक आहेत म्हणावं, तर सकाळी कुठे जाता ते सांगावं लागणार. तलावावर जातो म्हणावं, तर का जाता ते सांगावं लागणार. आणि का जाता ते सांगितलं की 'आहे की' हे दोन शब्द खोटे ठरणार.

"तेवढं काही नाही गं," ते पुटपुटले.

"बेट रद्द करू," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, पण फ्रिजवर चिकटवलेलं त्या हिरव्यानिळ्या पाण्याचं चित्र त्या काढायला निघाल्या, आणि कागद फाटू नये म्हणून एकेक कोपरा नखाने सोडवू लागल्या. ते साहेबांना बघवेना.

"रद्द बिद्द काही नाही. जायचं म्हणजे जायचं."

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत गुडघ्यांची साथ आल्यासारखं झालं. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक रोज येऊन माणसाने चार पायांवरून दोन पायांवर यायची घाई कशी केली, ते समजावून सांगत. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एक पट्टा आणून दिला, जो त्यांच्या दिवंगत यजमानांनी शेवटपर्यंत वापरला होता. वाण्याने पिशवी वरपर्यंत आणून दिली आणि पहिल्यांदाच साहेबांकडे सहानुभूतीने बघितलं. आणि वहिनी रोज संध्याकाळी तेल कोमट करून त्या ठणठणीत गुडघ्यांना चोळायला बसायच्या. दवाखान्यात दिवसभर बसून त्यांची स्वतःचीच पाठ अवघडलेली असायची. साहेब छताकडे बघत पडून राहायचे. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

वहिनींनी साहेबांच्या नकळत विमान कंपनीला कळवलं. बेटालाही कळवलं. त्यामुळे विमानतळावर साहेबांचं नाव पुकारून त्यांच्यापुढे चाकांची खुर्ची आणली गेली. ते बसले. दुसरं करणार काय?

शेवटचा टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा होता. तिथे सामानाबरोबर माणसंही तोलून घेत होते. जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या काट्याकडे साहेबांची नजर गेली आणि ते सगळं विसरले.

"याच्यावर शिक्का कुठे आहे?" ते गरजले, ताडकन खुर्चीतून उठले, काट्याशी जाऊन उकिडवे बसले आणि मान वाकडी करून खालून बघू लागले. "तपासणी केव्हा झाली याची?"

सगळी रांग गप्प झाली. काट्यावरच्या बाई चकित झाल्या. त्या शांततेत साहेबांना वहिनींचा आवाज ऐकू आला.

"अहो! तुम्ही उकिडवे बसलात!"

"आई गं!" साहेब ओरडले आणि गुडघा धरला. वहिनी धावत आल्या, दोन हमालांनी साहेबांना उचलून खुर्चीत घातलं. खोटं कण्हण्याचा सराव नसल्यामुळे कधी थांबावं ते न कळून ते विमान उडेपर्यंत कण्हतच राहिले.

बेट मात्र चित्रात होतं तसंच होतं. पांढरी वाळू, झुकलेली झाडं, आणि तो हिरवानिळा रंग, जो साहेबांना आजवर छपाईतली लबाडी वाटत आला होता. धक्क्यावर मॅनेजर हात जोडून उभा होता. शेजारी एक विचित्र खुर्ची होती, तिला फुग्यांसारखी जाड पिवळी चाकं.

"साहेब, तुमच्यासाठी खास काढून ठेवलीय. वाळूत चालते, पाण्यातसुद्धा चालते. आजवर पाण्यात कुणी नेली नाही, ती गोष्ट वेगळी," मॅनेजर म्हणाला. "काळजी करू नका. आम्ही तुमचा पाय जमिनीला लागू देणार नाही."

त्याने शब्द पाळला. पाण्यावरची खोली वहिनींनी आधीच बदलून घेतली होती, कारण शिडी गुडघ्यांना वाईट. नवी खोली बेटाच्या डॉक्टरांच्या शेजारी, उतरणीची वाट असलेली. खिडकीतून रिसॉर्टच्या चादरी वाळत घातलेल्या दिसायच्या. साहेब जरा हलले की कुठूनतरी दोन धट्टेकट्टे सेवक उगवायचे आणि त्यांना खुर्चीसकट उचलायचे. जेवायला उचलून, किनाऱ्यावर उचलून, सावली सरकली की पुन्हा उचलून. बाकीचे पाहुणे हळहळत बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना छत्रीखाली ठेवलं होतं. समोर ते पाणी पसरलं होतं. लोक नळ्या लावून तोंड पाण्यात घालत होते आणि वर येऊन आनंदाने किंचाळत होते. वहिनींनी आपली खुर्ची आणली आणि साहेबांकडे तोंड करून ठेवली. म्हणजे पाण्याकडे पाठ.

"अगं, तिकडे तोंड करून बस ना."

"नको. डोळ्यांवर ऊन येतं."

ऊन पाण्याच्या बाजूला नव्हतंच, किनाऱ्याच्या बाजूला होतं. ज्या माणसाला काट्याचा केसभर कल दिसतो, त्याला सूर्य कुठे आहे ते दिसत नाही असं थोडंच आहे? वहिनी लोकर काढून विणायला लागल्या आणि इकडचं तिकडचं बोलू लागल्या. पेशंटचं नावसुद्धा घेतलं नाही. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ही बाई इतक्या लांब येऊन पाण्याकडे पाठ करून बसली आहे, हे साहेबांच्या लक्षात आलं.

ते उठले. पाय वाळूत रोवून सरळ उभे राहिले.

"अहो, हे काय! बसा आधी!"

"माझे गुडघे चांगले आहेत," साहेब म्हणाले. "पहिल्यापासून चांगले आहेत. मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, आणि मग पोहायला शिकायला गेलो, तर त्यांनी मला डॉक्टरांची गुडघ्यांची चिठ्ठी आणायला लावून आज्यांमध्ये घातलं."

हे सगळं त्यांनी दुकानदाराला समज द्यायच्या आवाजात म्हटलं, कारण दुसरा आवाज त्या क्षणी निघेना. वहिनी सोडून ते शब्द कुणाला धड कळले नाहीत. लोकांना दिसलं ते एवढंच, की खुर्चीतला माणूस उभा राहिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मॅनेजर धावत आला.

"आमच्या बेटाची हवा! साहेब, एक फोटो! पुढच्या माहितीपत्रकात घालतो."

"हवेचा काही संबंध नाही," साहेब कळवळून म्हणाले, पण ऐकतो कोण! फोटो निघाला. त्यात साहेबांचा चेहरा वजन जप्त झालेल्या दुकानदारासारखा आला आहे.

वहिनींनी सुया लोकरीत खोचल्या.

"आणि मी जे रोज तेल चोळलं, ते?"

साहेबांनी मान खाली घातली.

"काकूंचा पट्टा? यजमानांचा?"

मान आणखी खाली गेली.

"मग एवढे दिवस त्या आज्यांमध्ये शिकलात तरी काय?"

"चालायला," साहेब म्हणाले. "पाण्यात चालायला. कमरेइतक्या."

वहिनींनी वळून पाण्याकडे बघितलं. ओहोटी लागली होती. लांब प्रवाळापर्यंत माणसं उभी होती, आणि कुणाच्याही कमरेने मोजलं तरी पाणी कमरेच्या वर नव्हतं. मग त्यांनी त्या पिवळ्या चाकांच्या खुर्चीकडे बघितलं. आपला चष्मा काढून साहेबांच्या हातात दिला, लोकरीच्या पिशवीच्या तळातून पाण्यातला चष्मा आणि नळी काढली, चष्मा डोळ्यांवर चढवला, तोंडात नळी धरली, खुर्चीत जाऊन बसल्या आणि हाताने पुढची दिशा दाखवली.

"ढकला."

सेवक धावले. साहेबांनी त्यांना डोळ्यांनीच मागे सारलं. वाळूत चाकं जड जात होती, पण पाणी लागताच हलकी झाली. पाणी पायांना लागलं, पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं. मग त्यांच्या कानात शिट्टी वाजली. गुडघा वर. खाली. पुढे. पाण्याला छातीने ढकला. तलावातला तो दोर जिथे असायचा, तेवढ्या पाण्यापर्यंत ते आले आणि क्षणभर थांबले. इथे दोर नव्हता. ते पुढे गेले.

किनाऱ्यावर पाहुणे उभे राहून बघत होते. कालपर्यंत जो उचलून नेला जात होता, तो माणूस आपल्या धडधाकट बायकोला चाकांच्या खुर्चीतून समुद्रात घेऊन चालला होता. मॅनेजरने फोटो काढायला हात वर केला आणि या फोटोखाली काय लिहावं ते न सुचून खाली घेतला.

प्रवाळाजवळ वहिनी खुर्चीतून वाकल्या आणि तोंड पाण्यात घातलं. बराच वेळ फक्त नळीचं टोक दिसत होतं. साहेब खुर्ची घट्ट धरून उभे होते. मग वहिनी एकदम वर आल्या. नळी तोंडातून पडली.

"अहो, पेशंट! आपला पेशंट! आणि एकटा नाही हो, घरची सगळी मंडळी आहेत!"

साहेबांनी श्वास घेतला, बॅचमध्ये शिकवलं तसं तोंड पाण्यात घातलं आणि डोळे उघडले. पाण्यातला चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना केशरी धुरकट ठिपक्यांपलीकडे काही दिसलं नाही. पण त्यांनी आयुष्यातले सगळ्यांत मोठे बुडबुडे काढले.

"दिसले?" वहिनींनी विचारलं.

"दिसले," ते म्हणाले. मग थांबून, "नाही, धड नाही दिसले."

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा उतरवून साहेबांच्या टकलावरून खाली ओढला आणि त्यांचं डोकं स्वतःच्या हाताने पाण्यात दाबलं. मग आळीपाळीने दोघं बघत राहिली. भरती लागल्यावर मॅनेजर काठावरून हाका मारू लागला, तरी वहिनी म्हणत होत्या, "अजून थोडं पुढे. तिकडे निळे आहेत."

संध्याकाळी खिडकीबाहेर चादरी फडफडत होत्या. साहेब पलंगाच्या कडेला बसले होते आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून होते. वाळूतून, पाण्यातून, प्रवाळातून दिवसभर खुर्ची ढकलल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं. डॉक्टरांनी म्हटलेलं 'उद्या' उगवलं होतं.

"अगं," ते अगदी हळू म्हणाले. "गुडघे दुखतायत. खरंच."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. आधी डावा गुडघा बघितला, मग उजवा.

"आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणा," त्या म्हणाल्या, आणि बॅगेतून तेलाची बाटली काढून तिचं झाकण उघडायला लागल्या.